रस फुटू द्यायचा

चळवळीचं पत्रक लिहिताना मागणी पहिल्या ओळीत टाकायची, ही आमची शिस्त. वाचणारा दुसऱ्या ओळीपर्यंत येईलच असं नसतं. म्हणून इथेही आधी मागणीच लिहिते. माझ्या बाबांनी एका गुरुवारी माझ्याकडे वाटीभर खाणं मागितलं. नारळाच्या रसाची पांढरी, थरथरती वडी आणि तिच्यावर तपकिरी दाणे. मी म्हणाले, रविवारी करते.

त्यांच्या घशाखाली काही उतरेल असे दिवस थोडेच उरले होते, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं होतं की आता मऊ आणि पातळच द्या, पुढच्या आठवड्यात नळी घालावी लागेल, आणि नळी घातली की तोंडानं काही नाही. तरी मी रविवार म्हणाले. कारण शनिवारी मला पत्रकाचा मजकूर घेऊन रोह्याला जायचं होतं.

बाबा परदेशी मालबोटींवर होते. आमचं गाव पेण तालुक्यात, वडखळच्या पलीकडे, खाडीला लागून. गावातले पुरुष पूर्वी मिठागरात राबायचे, आता डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली शिफ्टमध्ये राबतात. बोटीवर गेलेला माणूस एकच, त्यामुळे रुबाब मोठा. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, गावभर सांगायची, माझा भाऊ बोटीवर ऑफिसर हाय. ते ऑफिसर नव्हते. भटारखान्यात होते. आधी कांदे सोलायचे आणि टोप घासायचे, मग भात-चपाती त्यांच्याकडे आली, मग बाकीचं. पण पुरुषमाणूस परक्या लोकांची भांडी घासतो हे गावात कुठल्या तोंडानं सांगायचं? कितीतरी वर्षं आमच्या घरानं ते खोटं जपलं. कमरेइतक्या चिखलात मीठ ओढायची लाज नाही आणि टोप घासायची लाज. याचा मला राग होता, आहे, आणि राहील.

त्या भटारखान्याचा मुख्य होता मनिलाकडचा एक आचारी. बाबा त्याला कुया म्हणायचे. आम्ही पोरंटोरं कुयाकाका म्हणायचो. कुया म्हणजे त्यांच्या भाषेत मोठा भाऊ, हे खूप नंतर कळलं, म्हणजे आम्ही त्याला इतकी वर्षं मोठाभाऊकाका म्हणत होतो. दोघं एकाच बोटीवर परत परत जुळले. बाबांनी त्याला आमची कालवणं शिकवली आणि त्यानं बाबांना त्याच्या गावची नारळाची खाणी शिकवली. समुद्राच्या त्या टोकालाही तांदूळ, गूळ, केळीचं पान आणि नारळ. बाबा सुट्टीवर आले की पिशवीतून साबण आणि चॉकलेटं निघायची, पण त्यांना घाई असायची ती वेगळीच. दुसऱ्या दिवशी अंगणात बिबिंका.

तांदूळ रात्रभर भिजवून पाट्यावर वाटायचे, नारळाच्या रसात अंडं आणि साखर घालून कालवायचे, मातीच्या पसरट भांड्यात केळीचं पान शेकून अंथरायचं आणि त्यात ते ओतायचं. खाली निखारे, झाकणावर निखारे. आमच्या शेतातला राता तांदूळ वापरायचे, खाऱ्या जमिनीत तोच तग धरायचा. त्यामुळे आमची बिबिंका लालसर व्हायची. कुयाला फोटो दाखवला तर म्हणाला होता, गंज चढलाय का तुमच्या तांदळाला. तो सांगायचा, नाताळाच्या आधीच्या नऊ पहाटे त्यांच्याकडे देवळाबाहेर बायका असे वर-खाली निखारे घालून बसतात, आणि अर्धं गाव प्रार्थनेपेक्षा त्या वासानं उठून येतं.

माझी आई रोह्याकडची, खांबजवळची. भात आणि वाल पिकवणारी माणसं. पहिल्यांदा बिबिंका झाली तेव्हा ती कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली आणि म्हणाली, "हे तर आमचं धोंडस. काकडी कुठं हाय?" रोह्याकडे काकडीचा कीस, गूळ आणि तांदळाचा रवा असाच वर-खाली निखाऱ्यात भाजतात. बाबा इतके हसले की झाकण कलंडलं आणि निखारे आत पडले. परत जाताना ते आईकडून धोंडस शिकून गेले, आणि पुढच्या फोनवर कळलं की कुयानं बोटीवर ते केलं आणि कप्तानानं दोनदा मागून घेतलं.

मी नववीत असताना आई गेली. तापाचं निमित्त झालं. बाबांची बोट तेव्हा कुठल्यातरी भर समुद्रात होती. ते घरी पोचले तेव्हा तेरावं उलटून गेलं होतं. अंगणात त्यानंतर निखारे पेटले नाहीत. आत्या आधीपासून आमच्याकडेच होती, तिनं मला वाढवलं. बाबा सुट्टीवर आले तरी अंगणात काही मांडायचे नाहीत, स्वयंपाकघरात गुपचूप एकच गोष्ट करायचे. माहा.

माहा म्हणजे पातळ रसात मक्याचं पीठ आणि साखर घालून ढवळत आटवलेली पांढरी वडी. ती कुणालाही जमेल. अवघड असतात वरचे दाणे. त्यासाठी नारळाचा पहिला, जाड रस वेगळा काढून मंद आचेवर उकळत ठेवायचा. तो फुटतो. पाणी आटतं, तेल सुटतं, आणि तळाशी चोथा राहतो तो हळूहळू तपकिरी होतो. कुयाच्या भाषेत लातिक. खमंग, किंचित करपट, गोडाला टोचणारं.

आता आमच्याकडची गोष्ट ऐका. आमच्या स्वयंपाकघरात नारळाचा रस फुटणं म्हणजे बेअब्रू. कालवणात रस शेवटी घालायचा, त्याला उकळी दाखवायची नाही, पळी एकाच दिशेनं फिरवायची. पोरीला सासरी धाडण्याआधी हे शिकवतात. आत्याच्या हातून सासरच्या पहिल्याच सणाला रस फुटला होता. सासूनं तो टोप उचलून ओटीवर नेला आणि जेवायला बसलेल्या पुरुषांना दाखवला. आत्या तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल. पुढे चार वर्षांत नवरा गेला, ती माहेरी परतली, पण तो टोप काही तिच्या मनातून उतरला नाही. बाबा जाड रस चुलीवर ठेवायचे तेव्हा आत्या उठून मागच्या पायरीवर पाठ करून बसायची आणि तिथूनच विचारायची, "झालं का रे तुजं पाप?" बाबा आतून ओरडायचे, "अजून नाय आक्का, अजून जरा पाप बाकी हाय."

मला ही सगळी गंमत वाटायची. शिकून घ्यावं असं कधी वाटलं नाही. मी तोवर चळवळीत गेले होते. खाडीचे बांध फुटले होते, भरतीचं पाणी शेतात शिरत होतं, राता पिकवायची आमची जमीनसुद्धा गेली होती. तिथे आता तिवरं उभी आहेत. साहेब लोक पाहणी करून जात होते आणि पाहणीचा अहवाल पाहणीला जात होता. मी पत्रकं लिहायचे, गावोगाव वाटायचे, माइकवर बोलायचे. बाबा आजारी होऊन घरी बसले तेव्हा माझ्या पत्रकांतल्या चुका काढायचे. एकदा म्हणाले, तुझ्या पत्रकात सगळं हाय, मीठ जास्त हाय.

आजार अन्ननलिकेचा. गावानं लगेच निदान केलं की परदेशातलं कायबाय खाऊन झालं, त्या फिलिपिनवाल्यांच्या हातचं खाऊन झालं. मी सरळ लिहिते. बाबांच्या गालात तंबाखू होती. ती त्यांना बोटीनं दिली नव्हती, गावानं दिली होती, वयाच्या बाराव्या वर्षी, मिठागराच्या बांधावर. कुयानं तर सोडवायचा प्रयत्न केला होता. पण ज्यानं खाऊ घातलं त्याच्यावर आळ घेणं सोपं असतं.

तर तो गुरुवार. मी खाली बसून पत्रकाचा मजकूर तपासत होते. बाबा खाटेवर. आवाज बारीक झाला होता.

"बाय, माहा करशील? वरचं ते पण कर. गिळता नाय आलं तरी वास येईल."

"रविवारी करते, बाबा."

"रविवारी." त्यांनी बोटांवर दिवस मोजले. "बरं."

मग त्यांनी कसं करायचं ते सांगितलं. किती नारळ, किती पाणी, कधी ढवळायचं, कधी हात लावायचा नाही. मी हं हं करत होते. दहा गावांच्या मागण्या मला तोंडपाठ होत्या, पण त्यांच्या बोलण्यातलं एकच वाक्य डोक्यात राहिलं. फुटू द्यायचा, घाबरायचं नाय.

शनिवारी रोह्याला छापखान्यात मजकूर दिला. परतताना खांबला उतरून मामाकडे गेले. नारळ तिथलेच घ्यायचे होते, आमच्याकडची झाडं खाऱ्या पाण्यात उभी राहून वाळली. मामानं पाच नारळ सोलून दिले. दाजी कसे आहेत विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वालाची पुरचुंडी माझ्या पिशवीत कोंबली.

रविवारी सकाळी मी नारळ खवले, वाटले, जाड रस वेगळा पिळला, पातळ वेगळा. एका शेगडीवर माहा, दुसरीवर जाड रस. माहा आटून जाड झाला, मी गॅस बारीक केला. जाड रसाला बुडबुडे यायला लागले. आत्या मागच्या दारी सुकट वाळत घालत होती. तेवढ्यात छापखान्यातून फोन आला. मथळा दोन ओळींत बसत नाही, अक्षर लहान करू का? मी नाही म्हणाले. मथळा लहान करायचा नाही. मी फोन घेऊन अंगणात गेले. तो कागदाच्या मापाचं सांगत होता, मी त्याला लोकांच्या नजरेचं सांगत होते. अकरा मिनिटं. नंतर फोनमध्ये बघितलं म्हणून माहीत आहे.

आत्या आत आली तेव्हा तिला काय दिसलं असेल? चुलीजवळ कुणी नाही, आणि टोपातला रस फुटलाय. तिनं तेच केलं जे आमच्या खाडीकाठची कुठलीही बाई करेल. टोप झटकन उतरवला. मूठभर तांदळाचं पीठ लावून रवीनं घुसळला, पुन्हा एकजीव केला आणि वाया जायला नको म्हणून सगळा माहाच्या टोपात ओतून ढवळला. मग वाटीत काढून भावाला नेऊन दिला. पोरीचा रस फुटला हे कुणाला दिसू नये. साठी उलटलेल्या बाईच्या डोक्यात ओटीवरचा तो टोप होता.

मी आत आले तेव्हा दुसरी शेगडी रिकामी होती. आत्या पदराला हात पुसत समाधानानं म्हणाली, "वाचवलं गो मी. तू फोनवर, आणि इकडं रस पार फुटला होता."

मी बाबांच्या खोलीत धावले. ते खात होते. खाटेला टेकून, वाटी छातीशी धरून. चमच्यानं त्यांनी वाटीतल्या पांढऱ्यावर एक चक्कर मारली, हलक्या हातानं, काहीतरी शोधल्यासारखी. मग चमचा बुडवला. चार चमचे खायला त्यांना अर्धा तास लागला. मला बघून म्हणाले, छान झालंय. काय राहिलं ते बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी स्वयंपाकघरात परत गेले आणि आत्याला म्हणाले, "तुझ्या एका उकळीच्या भीतीनं माझ्या बापाचा शेवटचा घास घालवला."

आत्यानं टोप पालथा घातला आणि घासायला बसली. मी माइकवर साहेबांना याहून कडक बोलले आहे, आणि एकाही शब्दाचा मला पश्चात्ताप नाही, त्यांची लायकीच ती आहे. पण हे वाक्य मी ज्या बाईला बोलले, तिला आज बाबांचं ते पाप मी करतेय, रस मुद्दाम फुटू द्यायचाय, एवढंसुद्धा मी सांगितलं नव्हतं. लोकांपर्यंत पोचायचं, लोकांपर्यंत पोचायचं, म्हणून गावं पालथी घालणारी मी, मागच्या दाराशी बसलेल्या बाईपर्यंत पोचले नव्हते.

नारळ सगळे संपले होते. उद्या पेणहून आणू म्हटलं. संध्याकाळी बाबांना पाण्याचा घोट उतरेना. सोमवारी मुंबईला नेलं. नळी घातली.

आठ दिवसांनी घरी आणलं तेव्हा त्यांचा आवाजही गेला होता. नाकातली नळी, तिच्यातून पातळ काहीतरी ओतायचं. ते घरी आले त्याच्या दुसऱ्या दुपारी आत्या कुणाला न सांगता पेणच्या बाजारात गेली आणि नारळ घेऊन आली. नऊ-दहा दिवस आम्ही कामापुरतं बोलत होतो. पिशवी खाली ठेवत ती म्हणाली, "त्या कुयाला फोन लाव. चेहरा दिसतो तसला."

कुया आता बोटीवर नव्हता, त्याच्या गावी होता. गंजीफ्रॉकवर बसला होता, मागे कोंबडा आरवत होता. मी फोन बाबांसमोर धरला. बाबांनी हात वर केला. कुयानं नळी बघितली, त्याच्या भाषेत दोस्त अशा अर्थाचं काहीतरी बाबांना म्हणाला आणि उठून गेला. थोडा वेळ पडद्यावर नुसती भिंत दिसत राहिली. परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं, आणि तो म्हणाला, चला, टोप दाखवा.

मी फोन शेगडीवर धरला. त्याचं तोडकंमोडकं इंग्रजी मी आत्याला मराठीत सांगत होते. आच कमी. ढवळू नका, नुसतं तळाशी खरवडा. रसाला बुडबुडे आले, मग कडेनं तो दाणेदार व्हायला लागला. आत्याचा हात आपोआप फडक्याकडे गेला. तिनं तो मागे घेतला आणि ओट्याची कड पकडली.

"फुटू दे म्हणतो का?"

"व्हय, आत्या."

"परत इचार."

मी परत विचारलं. कुया म्हणाला, अजून, अजून, मला अजून पांढरं दिसतंय. आत्या बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं रस शेवटपर्यंत फुटताना बघितला. तेल सुटलं, वास घरभर झाला, दाणे सोनेरी झाले. तिनं टोप उतरवला, एक दाणा चमच्यावर घेतला, फुंकर मारली आणि बाबांकडे गेली.

एकच दाणा तिनं त्यांच्या जिभेवर ठेवला. बाबांनी डोळे मिटले. जबडा हळूहळू हलत होता. गिळायचं नव्हतं, त्यांना माहीत होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी मान हलवली, तेव्हा आत्यानं हनुवटीखाली तळहात धरला आणि लहान पोरानं टाकावं तसं त्यांनी ते तिच्या हातावर टाकलं. तिनं हात पदराला पुसला.

बाबांनी लिहायची खूण केली. हाताशी पत्रकांचा गठ्ठा होता, रोह्याहून आलेला, मोठ्या मथळ्याचा. त्यातलं एक मी उलटं करून दिलं. त्यांनी लिहिलं, चांगलं आहे. थोडं कच्चं. अजून दोन मिनिटं.

मी मोठ्यानं वाचलं. आत्या म्हणाली, "मेल्या, एवढं होऊन जीभ हाय तुजी जागेवर." बाबांचे खांदे हलले. ते हसत होते.

ती आत गेली, टोप पुन्हा चढवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत दोन मिनिटं उभी राहिली. पूर्ण दोन. दाणे गडद झाले. चमचा घेऊन आम्ही खोलीत गेलो तर बाबांना झोप लागली होती. आठ दिवसांत अशी झोप लागली नव्हती. आम्ही उठवलं नाही. कुया फोनवर होताच, त्याला दाखवलं. त्यानं अंगठा वर केला आणि फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी बाबा गेले. त्यांनी पुन्हा मागितलं नाही आणि आम्हालाही विचारायचा धीर झाला नाही.

बांध अजून तसाच आहे. पत्रक मी जपून ठेवलं आहे. एका बाजूला मागण्या, त्यातली एकही मान्य झालेली नाही. दुसऱ्या बाजूला बाबांचं अक्षर. लोक मला म्हणतात, तुझ्या लिहिण्यात फार राग असतो. असतो. पण खरं सांगायचं तर मागणी लिहायला मी शिकले, माफी लिहायला मला कुणी शिकवलं नाही.

त्या दुपारचं सुटलेलं तेल आत्यानं गाळून बाटलीत भरून ठेवलं होतं. शेवटचे पंधरा दिवस ती रोज ते बाबांच्या तळपायाला चोळायची. खोलीला माहाचा वास यायचा. तेराव्यानंतरच्या सकाळी बाटलीत बोटभर उरलं होतं. तिनं मला पायरीवर पुढ्यात बसवलं आणि तेल माझ्या टाळूवर ओतलं. करपट, गोड वास आला. मी म्हणाले, आत्या, त्या दिवशी मी तुला जे बोलले...

"डोकं हलवू नको," आत्या म्हणाली, आणि उरलेलं तेल जिरेपर्यंत चोळत राहिली.